मूस मेला, फोन वाजला

अलास्कात हिवाळ्याच्या मध्यरात्री एखाद्या घरी फोन खणखणतो. पलीकडून पोलीस खात्याचा माणूस विचारतो: अमक्या हायवेवर, अमक्या मैलावर मूस गाडीची धडक बसून मेलाय, नेणार का? घरातलं माणूस अर्धवट झोपेत ‘हो’ म्हणतं, शेजाऱ्याला उठवतं, सुऱ्या, दोर, ताडपत्र्या आणि बॅटऱ्या ट्रकमध्ये टाकतं आणि उणे वीस अंशांत निघतं. नाही म्हटलं किंवा फोन उचललाच नाही, तर तो यादीतल्या पुढच्या नावाला जातो.

अशी यादी खरोखरच आहे. तिच्यात धर्मादाय संस्था असतात, गरजूंना जेवू घालणारी चर्च असतात, नाव नोंदवलेली कुटुंबं असतात. मूस हा हरणांच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी. अलास्कातला थोराड नर सातशे किलोंपर्यंत भरतो, म्हणजे आपल्या भल्यामोठ्या सांबराच्या दुप्पट. अशा नरापासून सव्वादोनशे किलोंच्या आसपास निव्वळ मांस निघतं. या राज्यात दरवर्षी साधारण ६०० ते ८०० मूस रस्त्यांवर मरतात. हिशेब तुम्हीच करा. जिथे भाजीपाल्यापासून दुधापर्यंत बहुतेक सगळं हजारो मैलांवरून जहाजाने येतं, तिथे एवढं मांस बर्फात टाकून देणं कोणाला परवडेल? अट इतकीच, की धूड अख्खं उचलायचं. चांगला तुकडा कापून बाकीचा पसारा रस्त्याकडेला सोडून जाता येत नाही. आणि ते मांस विकायचं नाही.

हिवाळ्यातच हे का घडतं? बर्फ छातीपर्यंत साचला की मूसलासुद्धा चालणं जड जातं, आणि माणसाने बर्फ हटवून साफ केलेला रस्ता त्याला आयताच मिळतो. रात्र अठरा-अठरा तासांची. मूसचं अंग काळपट, पाय इतके उंच की डोळे गाडीच्या दिव्यांच्या झोताच्या वरच राहतात आणि अंधारात चमकतही नाहीत. धडक बसते ती पायांना. अंग येतं ते थेट समोरच्या काचेवर. म्हणून मूसची टक्कर माणसासाठीही जीवघेणी ठरते.

दक्षिणेकडे, उरलेल्या अमेरिकेत, ही गोष्ट पांढऱ्या शेपटीच्या हरणाची आहे आणि तिचे आकडे डोळे फिरवतील असे आहेत. देशात आज ही हरणं सुमारे तीन कोटी. त्यांच्यामुळे होणारे अपघात वर्षाला दहा लाखांहून जास्त. एकट्या वेस्ट व्हर्जिनियात हे इतकं नेहमीचं, की तिथल्या मार्लिंटन गावात १९९१पासून दर सप्टेंबरात रस्त्यावर मरणाऱ्या प्राण्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरते. (मांस खरोखर रस्त्यावरचंच असावं अशी सक्ती नाही. जात तेवढी रस्त्यावर मेलेली आढळणारी हवी.)

आणि हेच हरीण १९००च्या सुमारास संपत आलं होतं. तेव्हा देशभरात जेमतेम तीन ते पाच लाख उरली होती. कारण बंदूक नव्हे, बाजार. रेल्वे आली, बर्फात मांस टिकवायची सोय झाली आणि व्यापारी शिकाऱ्यांनी शहरांच्या खाटीकखान्यांसाठी जंगलं रिकामी केली. तेव्हा दोन गोष्टी घडल्या. १८९६मध्ये ‘गीअर विरुद्ध कनेटिकट’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वन्यप्राणी हे राज्याने जनतेच्या वतीने सांभाळायचे. १९००मध्ये लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा राज्याराज्यांमधला व्यापार बंद केला. आजही तिथे शिकारी स्वतः मारलेलं हरीण खाऊ शकतो, वाटू शकतो. विकू शकत नाही. मग हॉटेलात मिळणारं हरणाचं मांस येतं कुठून? बरंचसं न्यूझीलंडच्या शेतांवरून. तीन कोटी हरणांचा देश हरणाचं मांस समुद्रापलीकडून मागवतो, आणि तेही अशा बेटांवरून, जिथे मुळात एकही हरीण नव्हतं. एकोणिसाव्या शतकात इंग्रज वसाहतवाल्यांनी ती नेऊन सोडली.

म्हणून रस्त्यावर मेलेलं हरीण हा अजब ऐवज आहे. ते कोणी मारलेलं नाही, कोणाला विकता येत नाही, आणि मालक सरकार.

आता मुळाशी जाऊ. एवढा सावध, इतक्या तीक्ष्ण कानांचा प्राणी गाडीसमोर उभा का राहतो?

हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ तीनशे अंशांचा पट्टा दिसतो. बाहुली आडवी, क्षितिजावरची हालचाल टिपायला घडलेली. पडद्यामागे आरशासारखा एक थर, जो आत आलेला प्रकाश परत फिरवून दुसऱ्यांदा वापरायला देतो. रात्री त्याचे डोळे चमकतात ते यामुळेच. आपल्याकडे रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, त्याच्याकडे दोन. नारिंगी रंग त्याला मातकट दिसतो, म्हणूनच तिथले शिकारी भडक नारिंगी जाकीट घालून बिनदिक्कत फिरतात. उलट निळ्याकडचा आणि आपल्याला न दिसणारा अतिनील उजेड त्याला बऱ्यापैकी जाणवतो. थोडक्यात, संध्याकाळच्या आणि पहाटेच्या धूसर उजेडासाठी याहून सरस डोळा घडवणं अवघड.

त्याच डोळ्यात हेडलाइटचा झोत शिरतो. बाहुली टक्क उघडी, मागे आरसा, आणि अंधाराला सरावलेल्या पेशींचा एका क्षणात कडेलोट. हरीण भांबावून उभं राहतं असं आपण म्हणतो. खरं तर त्या क्षणी त्याला धड काही दिसतच नसतं. त्यात त्याची लाखो वर्षांची शिकवण अशी, की धोका दिसला तर आधी स्तब्ध राहा, अगदी जवळ आला की अचानक उडी मार. लांडग्यासमोर हा डाव नामी आहे. पण लांडगा ताशी नव्वद किलोमीटरने येत नाही. अमेरिकेत हरणांकडे गाड्या नेऊन केलेल्या प्रयोगांत दिसलं, की गाडीचा वेग वाढला म्हणून हरीण त्या मानाने लवकर पळायला लागत नाही. वेग हा हिशेब त्याच्या मेंदूत नाहीच.

आपलाही हिशेब काही फार बरा नाही. ताशी नव्वदने जाणारी गाडी सेकंदाला पंचवीस मीटर सरकते. हरीण दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर ३७ मीटर संपलेले असतात आणि गाडी अजून थांबायला लागलेलीही नसते. खालच्या झोतात दिसतं ते जेमतेम पन्नास-साठ मीटर. गाडीच्या बंपरवर बसवायच्या ‘हरीण पळवणाऱ्या’ शिट्ट्या बाजारात मिळतात. तपासण्यांत त्यांचा उपयोग दिसलेला नाही. पैसे वाचवा.

अपघातांचा कळस नोव्हेंबरात असतो. तो माजाचा महिना. नर माद्यांच्या मागे दिवसरात्र धावतात, रस्त्याचं भान सुटतं. आणि नेमक्या याच महिन्याच्या पहिल्या रविवारी अमेरिका आपली घड्याळं एक तास मागे करते. हरणाला घड्याळ नाही, ते सूर्यावर चालतं. पण ऑफिसातून घरी जाणाऱ्यांची गर्दी एका रात्रीत उजेडातून अंधारात ढकलली जाते. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२मध्ये दाखवलं, की या बदलानंतरच्या आठवड्यात हरणांच्या टकरी १६ टक्क्यांनी वाढतात. घड्याळ वर्षभर पुढेच ठेवलं, तर वर्षाला सुमारे ३६,५५० हरणं आणि ३३ माणसं वाचतील, असा त्यांचा अंदाज. एक काटा न फिरवण्याने!

बरं, हरीण मेलं. ते खाण्याजोगं आहे का? इथे घड्याळ वेगळ्या अर्थाने सुरू होतं.

हरीण हे रवंथ करणारं जनावर. त्याचा कोठा म्हणजे ३९ अंशांवर चालणारी जिवाणूंची भट्टी. हृदय थांबलं म्हणून ही भट्टी थांबत नाही. वायू साचत जातो, पोट फुगतं, जिवाणू आतड्यांच्या भिंती ओलांडतात. म्हणून जाणती माणसं आधी पोट बघतात. फुगलेलं, हिरवट झालेलं असेल तर हात लावत नाहीत. मग डोळे: स्वच्छ असतील तर ताजं, गढूळ झाले असतील तर उशीर झालाय. केस ओढून बघतात. सहज उपटून आले तर सोडून देतात. धडक पोटावर बसून कोठा फुटला असेल तर बरंच मांस वाया. डोक्याला किंवा मानेला लागलं असेल तर नशीब. जिथे मार बसला तिथलं रक्त साकळलेलं मांस कापून टाकायचं आणि उरलेलं लवकरात लवकर थंड करायचं.

थंडीत हे आपोआप होईल असं वाटतं, पण तसं नाही. हिवाळ्यातल्या हरणाचा एकेक केस आतून पोकळ असतो आणि त्यात हवा कोंडलेली असते. बाहेर सगळं गोठलं तरी ती गोधडी आतली ऊब तासन्‌तास धरून ठेवते. बर्फात पडलेला मूस मांडीच्या हाडापाशी आंबू शकतो. म्हणून ते रात्रीचं धावणं, त्या बॅटऱ्या आणि भर थंडीत वाफाळणारं पोट साफ करणं.

यात एक विचित्र गोष्ट आहे. जनावर मरण्यापूर्वी घाबरून लांबवर धावलं, तर स्नायूंतली साखर संपते, मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही आणि ते गडद, चिकट होतं, लवकर नासतं. एका फटक्यात मेलेल्या जनावराचं तसं होत नाही. म्हणजे वाईट नेमबाजाने जखमी करून मैलभर पळवलेल्या हरणापेक्षा ट्रकने जागच्या जागी मारलेल्या हरणाचं मांस सरस निघू शकतं.

बहुतेक राज्यांत असं हरीण घरी नेता येतं, पण बऱ्याच ठिकाणी परवाना लागतो. कारण उघड आहे: मांस फुकट मिळतंय म्हटल्यावर कोणी गाडीचीच बंदूक केली तर? ऑरेगॉनने यावर चांगला तोडगा काढला. तिथे २०१९च्या १ जानेवारीपासून रस्त्यावरचं हरीण नेता येतं. चोवीस तासांत अर्ज करायचा आणि डोकं शिंगांसकट कामकाजाच्या पाच दिवसांत वन्यजीव खात्याकडे जमा करायचं. भिंतीवर टांगायला शिंगंच मिळणार नसतील, तर मुद्दाम धडक मारण्यात हौशी शिकाऱ्याला काय रस?

डोकं मागण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते भीतीदायक आहे. १९६७मध्ये कोलोराडोत बंदिस्त हरणांमध्ये एक झिजवणारा रोग दिसला. हरीण खंगतं, लाळ गळते, भान हरपतं, मरतं. मागे ना जिवाणू ना विषाणू. प्रायॉन नावाचं वाकडं घडी पडलेलं प्रथिन, जे शेजारच्या प्रथिनांनाही वाकडं करत जातं. शिजवून ते मरत नाही, कारण मुळात ते जिवंतच नाही. आज हा रोग तीसहून अधिक राज्यांत पोचलाय. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही; तरी बाधित जनावर खाऊ नका, असं अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र सांगतं. कोलोराडोतल्या एका अभ्यासात दिसलं, की गाडीखाली मेलेल्या हरणांमध्ये या रोगाचं प्रमाण आसपासच्या हरणांपेक्षा जास्त होतं. मेंदू बिघडलेलं हरीण गाडी चुकवू शकत नाही. फुकटचं मांस खाणाऱ्याने नेमकं हेच लक्षात ठेवायला हवं: रस्ता आजारी हरणं निवडून उचलतो.

हे काम पूर्वी लांडगा करायचा. विस्कॉन्सिनमध्ये लांडगे परतले, त्या जिल्ह्यांत हरणांच्या टकरी २४ टक्क्यांनी घटल्याचं २०२१मध्ये प्रसिद्ध झालं. गंमत अशी, की लांडग्यांनी हरणं खाल्ली म्हणून ही घट झाली, असं फारसं नाही. लांडग्यांना पायवाटा, नाल्यांचे काठ, रस्ते अशा सरळ वाटा आवडतात. हरणांनी तिथे रेंगाळणंच सोडलं. टळलेल्या अपघातांमुळे वाचलेला पैसा लांडग्यांनी मारलेल्या गुराढोरांच्या नुकसानीच्या ६३ पट भरला. माझ्या मते यापेक्षा स्वस्त वाहतूक पोलीस जगात मिळणार नाही.

आपल्याकडेही कायदा ‘वन्यप्राण्याचा मालक सरकार’ इथूनच सुरू होतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, कलम ३९: मेलेला सापडलेला वन्यप्राणीही सरकारी मालमत्ता. फरक पुढे आहे. अलास्कात सरकार ती मालमत्ता भुकेल्याला देतं. आपल्याकडे पंचनामा आणि शवविच्छेदन होऊन ती जाळली किंवा पुरली जाते. वाया गेल्यासारखं वाटेल, पण मला आपला कायदा आपल्यापुरता बरोबर वाटतो. फासे आणि विजेच्या तारा लावून चितळ मारणाऱ्याला उद्या ‘रस्त्यावर मेलेलं सापडलं’ म्हणायची सोय झाली, तर रस्त्यावर मरणाऱ्या चितळांची संख्या एका वर्षात कुठल्या कुठे जाईल. त्यापेक्षा हरीण रस्त्यावर येऊच न देणं शहाणपणाचं. नागपूरहून सिवनीकडे जाताना पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ खांबांवर उचलून प्राण्यांसाठी खालून नऊ वाटा ठेवल्या आहेत. त्यातली सगळ्यात रुंद ७५० मीटरची. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत तिथून १८ जातींचे वन्यप्राणी जाताना टिपले गेले, सर्वाधिक चितळ. वाघही त्याच वाटेने जातात.

तेव्हा पेनसिल्व्हेनियात असा की पेंचजवळ, रात्री जंगलातून जाताना वेग कमी ठेवा. एक हरीण ओलांडून गेलं तर लगेच वेग वाढवू नका, मागून दुसरं येतंच. अगदी समोर आलं तर ब्रेक दाबा, स्टिअरिंग झटकन फिरवू नका. हरणाला चुकवताना झाडावर आदळणं जास्त जीवघेणं ठरू शकतं. आणि महाराष्ट्रात रस्त्यावर जखमी किंवा मेलेला वन्यप्राणी दिसला, तर वनखात्याच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ला फोन करा. नंबर आहे १९२६.