फुलातल्या यीस्टची साके

पेला नाकाशी नेताच पिकलेल्या केळ्याचा किंवा सफरचंदाचा दरवळ यावा आणि घटकांच्या यादीत मात्र तांदूळ, पाणी, कोजी बुरशी व यीस्ट यांपलीकडे काहीही नसावे, ही ‘हाना कोबो’ साकेची गंमत आहे. हाना म्हणजे फूल, कोबो म्हणजे यीस्ट. या मद्यात फुलांचा अर्क असतो, हा समज चुकीचा आहे. फुलातून घेतले जाते ते केवळ यीस्ट.

फुलांतील मधुरसावर अनेक प्रकारचे यीस्ट वाढतात. पण त्यांतील बहुतेक साकेच्या तीव्र मद्यार्कात तग धरत नाहीत. जो वाण टिकेल, तोच उपयोगाचा. तोक्यो कृषी विद्यापीठातील संशोधकांनी अशी निवड करून बेगोनिया, वेली गुलाब, इतकेच नव्हे तर आपल्या परसातल्या सदाफुलीपासूनही साकेयोग्य यीस्ट वेगळे केले. फळांसारखा गंध हे यीस्ट आंबवण्याच्या काळात स्वतःच तयार करते. त्यामुळे सदाफुलीच्या यीस्टची साके सदाफुलीसारखी लागेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

हा खटाटोप कशासाठी? जपानच्या मद्यनिर्मिती संस्थेने विसाव्या शतकाच्या आरंभापासून निवडक यीस्टचे वाण देशभर पुरवले. नागानो प्रांतात 1946 मध्ये सापडलेला सातव्या क्रमांकाचा वाण त्यांतील फार गाजलेला. साके बिघडणे कमी झाले, दर्जा वाढला. परंतु एकाच वाणावर अनेक गावांची साके बनू लागली. त्यातच 1973 च्या सुमारास वर्षाला सतरा लाख किलोलिटरच्या घरात असलेला खप पुढे चौथ्या हिश्शावर आला. लहान मद्यशाळांना तगायचे, तर वेगळेपण हवे होते. क्युशू बेटावरील सागा प्रांतात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेल्या ‘आमाबुकी’ने ते पुष्प-यीस्टमध्ये शोधले. तिची स्ट्रॉबेरीच्या फुलातील यीस्टची साके विशेष परिचित आहे.

जेवणाशी तिची जोडी जमवताना सुगंधाचा मान राखावा लागतो. सागाच्याच योबुको बंदरातील ताज्या माकुलाचे पारदर्शक काप, पांढऱ्या मांसाचे मासे, वाफवलेली कोळंबी, थंड तोफू यांच्यासोबत ती खुलते. वाइनमधील लोहामुळे काही वेळा मासा तोंडात उग्र लागतो. साकेसाठी लोहरहित पाणीच निवडत असल्याने ती अडचण सहसा येत नाही. शिवाय तिचा आंबटपणा वाइनपेक्षा बराच कमी आणि अमिनो आम्ले अधिक. त्यामुळे माशाचा गोडवा दबत नाही. सोया सॉसमध्ये भाजलेले गोमांस किंवा मिसो घातलेल्या दाट रश्श्यासमोर मात्र नाजूक साके हरते. तिथे भातासारखी भरीव चव असलेली, कोमट केलेली साकेच शोभते.

सुगंधी साके दहा अंश सेल्सिअसच्या आसपास थंड करून, निमुळत्या तोंडाच्या वाइनच्या पेल्यात द्यावी. चिनी मातीच्या चिमुकल्या प्याल्यात तिचा निम्मा दरवळ वाया जातो.