जानेवारीचा पेपर आणि शरीराचं घड्याळ

वर्षातला सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरचा, हे शाळेपासून पाठ असतं. मग त्यानंतर सूर्य लवकर उगवत असणार, असं आपण गृहीत धरतो. महाराष्ट्रात तसं होत नाही. दिवस वाढतो तो आधी संध्याकाळकडून. सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी उशिराच होत जातो. मुंबईत तेव्हा सव्वासात वाजतात. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि अधिक वेगाने फिरते. त्यात तिचा आस कललेला. त्यामुळे एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंतचा काळ 24 तासांहून काही सेकंद जास्त भरतो आणि ते सेकंद साठत जातात.

सीए इंटरमीजिएटची जानेवारीतली परीक्षा नेमकी याच दिवसांत येते.

आपला हिवाळा उत्तर युरोपसारखा काळोखा नाही. स्टॉकहोममध्ये डिसेंबरचा दिवस जेमतेम सहा तासांचा, मुंबईतला अकरा तासांचा. इथे ऊन भरपूर आहे, अभ्यास करणारी मुलं त्यात नसतात, एवढंच. अभ्यासिकेत ट्यूबलाइटचा उजेड साधारण 300 ते 500 लक्स असतो. बाहेर सावलीतसुद्धा त्याच्या कितीतरी पट. मेंदूतलं दैनिक घड्याळ म्हणजे डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर बसलेला सुमारे 20 हजार पेशींचा पुंजका. सकाळचा उजेड मिळाला की हे घड्याळ पुढे येतं, रात्री उशिरा मिळाला की मागे पडतं. थंडीमुळे दहापर्यंत पांघरुणात आणि रात्री तीनपर्यंत दिव्याखाली, असा क्रम झाला की ते रोज थोडं थोडं मागे जात राहतं.

‘पहाटे चारला ऊठ, केलेलं लक्षात राहतं’ हा घराघरातला सल्ला नऊला झोपणाऱ्यासाठी उत्तम आहे. बाराला झोपणाऱ्याला मात्र तो महागात पडतो. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते, तीच कापली जाते. शिवाय पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचं तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला असतात. 1924 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला लावली. नंतर तेवढेच तास झोपल्यावर ती जास्त आठवली, जागं राहिल्यावर कमी. पुढच्या शंभर वर्षांत झोप आणि स्मृतीचं हे नातं अनेक प्रकारे तपासलं गेलं आहे. झोपेचे तास कापून अकाउंट्सचा आणखी एक धडा उरकणाऱ्या मुलांची मला खरोखर काळजी वाटते. वाचलेलं पक्कं होण्याचं काम त्याच तासांत चालतं.

पेपर असतो दुपारी दोन ते पाच. बहुतेकांची गुंगीची वेळही तीच. जेवण हलकं असलं तरी ती येते, कारण ती शरीराच्या घड्याळातच आहे. पोटभर जेवणाने फक्त वाढते. आणि हिवाळ्यातल्या दुपारी गच्चीवरच्या उन्हात ‘जरा पाठ टेकतो’ म्हणून पडणाऱ्याची ती सवयच होऊन बसते. म्हणून जुने पेपर रात्री सोडवू नयेत, दोनच्या ठोक्याला घड्याळ लावून सोडवावेत, तेही हाताने लिहून. 70 टक्के गुण वर्णनात्मक उत्तरांचे आहेत आणि सलग तीन तास लिहायला बोटांनाही सराव लागतो.

थंडीत चहा वाढतो, तोही हिशेबात धरावा. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊच्या चहातलं निम्मं मध्यरात्रीनंतर दोन वाजताही रक्तात असतं.

हे घड्याळ एका रात्रीत हलत नाही. झोपेची वेळ लवकर आणायची तर ते दिवसाला फार तर तासभर सरकतं, बरेचदा त्याहूनही कमी. तीनला झोपणाऱ्याला अकरावर यायला आठवडाभर तरी द्यावा लागतो, आणि त्या प्रत्येक सकाळी सूर्य वर आल्यावर अर्धा तास बाहेर चालावं लागतं. ही सुरुवात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच व्हायला हवी.