उन्हाळ्यातली गच्चीवरची भाजी : पाण्याचा हिशोब आणि पानातली चव



गेल्या चैत्रात आमच्याकडे गौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या भगिनींना आंब्याची डाळ आणि पन्ह्याबरोबर गिलक्याची भजी दिली होती. भजी संपल्यावर सगळ्या गच्चीवर गिलक्याचा वेल पाहायला गेल्या. यंदा संक्रांत झाली आणि ‘बी कधी लावायचे, माती कुठली, ऊन्हात जगते कसे’ असे फोन सुरू झाले. प्रत्येकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा मंडळाच्या या पानावर एकदाच लिहावे असे ठरवले. आम्ही दोघेही शेतीतले नाही. एकाचे आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेले, दुसरीचे घर आणि मुले सांभाळण्यात. निवृत्तीनंतरच्या सहा उन्हाळ्यांत चुका करत जे कळले तेवढेच खाली आहे.

पहिली गोष्ट वेळेची. आपल्या इंदूरला उन्हाळी भाजीचे बी महाशिवरात्रीच्या सुमारास मातीत गेले पाहिजे. त्याआधी रात्री थंड असतात, भेंडी उगवतच नाही. गुढीपाडव्यानंतर लावले तर कोवळे रोप थेट एप्रिलच्या उन्हात सापडते. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे तीन आठवडे सांभाळा. भेंडी आणि गवारीचे बी रात्रभर भिजवायचे, कारल्याचे टरफल जाड असते म्हणून ते पूर्ण दिवसभर. भेंडी दीड महिन्यात हातात येते. तांदुळजा पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी कापता येतो आणि दोन बोटे खुंट ठेवून कापला तर पुन्हा फुटतो. ज्यांनी कधीच काही लावले नाही त्यांनी तांदुळज्यापासूनच सुरुवात करावी, कारण तो सहसा नापास होत नाही.

काय लावू नये हेही सांगतो. टोमॅटो. पहिली दोन वर्षे आम्ही हट्टाने लावले. झाडे डोक्याइतकी झाली, फुलेही भरपूर आली आणि सगळी गळून गेली. दिवसाचे तापमान ३५ अंशांवर आणि रात्रीही उकाडा असला की टोमॅटोचा पराग निकामी होतो, फळ धरत नाही. तिसऱ्या वर्षी ते खाते आम्ही बुडीत म्हणून बंद केले. पालक आणि मेथीही या दिवसांत लवकर तुऱ्यावर येतात. त्यांच्या जागी तांदुळजा, लाल माठ आणि मायाळू घ्यावा. मायाळूला ऊन सोसते. पाने डाळीत घाला, भजी करा, दोन्ही छान. कोथिंबीर हवीच असेल तर धणे हलके रगडून दोन फाकी करून, सावलीच्या कोपऱ्यात, दर पंधरा दिवसांनी थोडीथोडी पेरावी.

आता पाण्याकडे येतो. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी आमच्या गच्चीवर चौतीस कुंड्या-पिशव्या होत्या. मे महिना होता. आमच्या भागात नळ एक दिवसाआड येतो आणि त्या आठवड्यात तोही नीट आला नव्हता. संध्याकाळी आम्ही वर पाइप लावून भेंडीला पाणी घालत होतो आणि खाली गल्लीत बायका बादल्या घेऊन टँकरची वाट पाहत होत्या. कठड्यावरून थोडे पाणी ओघळून खाली पडले. शेजारच्या वहिनींनी वर पाहिले आणि म्हणाल्या, “काका, तुमच्या भेंडीला आमच्यापेक्षा जास्त पाणी मिळतं हं.” बोलल्या हसूनच. त्या रात्री आम्हां दोघांनाही जेवण गोड लागले नाही.

जुन्या मंडळींना आठवत असेल, नर्मदेचे पाणी इंदूरला १९७८ साली आले. त्यासाठी या शहराने आंदोलन केले होते. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्याचा चढ पंपांनी चढून ते पाणी आपल्या नळाला येते. ते पाइपने गच्चीवर सोडून द्यायचे आणि वर ‘घरची भाजी’ म्हणून मिरवायचे, हे मनाला पटेना. बाग बंद करावी असेच सौ.चे म्हणणे होते. शेवटी ठरले की आधी मोजू, मग ठरवू. बँकेतली सवय.

मोजले तेव्हा कळले की पाइपने रोज दीडशे लिटरच्या आसपास पाणी जात होते आणि त्यातले बरेच कुंडीखालून वाहून स्लॅबवर वाळत होते. मग चौतीसच्या सोळा केल्या. दहा पिशव्या भेंडी, गवार आणि पालेभाजीच्या, चार अर्धी पिंपे वेलांची, दोन टोपल्या पुदिना-कोथिंबिरीच्या. पाइप काढून टाकला आणि तांब्याने पाणी घालू लागलो. पिशवीला रोज दोन लिटर, पिंपाला सहा, टोपलीला एक. एकूण ४६ लिटर, म्हणजे मोठ्या तीन बादल्या. त्यातली जवळजवळ एक बादली तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेल्या पाण्याची होते. उरलेल्या दोन बादल्यांसाठी आम्ही शॉवर बंद केला आणि बादलीने आंघोळ सुरू केली. तेव्हापासून वहिनींकडे गिलकी पाठवताना मान खाली जात नाही.

पाण्याविषयी ऐकीव सल्ले पुष्कळ मिळतात. त्यातले काही आम्ही करून पाहिले. घरातल्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घाला असे सगळे सांगतात. त्यात क्षार एकवटलेले असतात. कधीतरी चालेल, पण रोज घातले तर महिन्याभरात कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो आणि पानांचे टोक जळते. कूलरच्या टाकीत तळाशी उरलेल्या पाण्याचेही तेच. ही दोन्ही पाणी आम्ही फरशी पुसायला ठेवतो. एसीचे पाणी मात्र क्षारमुक्त असते, निःशंक घाला. फक्त आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी की रात्रभरात दोन-तीन लिटरच्या वर जमत नाही.

मटक्याचा प्रयोगही सांगण्यासारखा आहे. मातीचा मटका गळ्यापर्यंत पिंपात पुरायचा, त्यात पाणी भरून झाकण ठेवायचे, पाणी हळूहळू पाझरून मुळांना मिळते. आम्ही काटकसर म्हणून मागच्या वर्षीचा, पाणी गार न करणारा मटका पुरला. चार दिवसांनी पाहिले तर पाणी तसेच आणि दुधीचा वेल मलूल. नंतर डोक्यात प्रकाश पडला. मटक्यात पाणी गार होते तेच मुळी पाझरण्यामुळे. भोके क्षारांनी बुजली म्हणून तो गार करेनासा झाला होता, मग पाझरणार कसा? तेव्हापासून उलटे करतो. नवा छोटा मटका बागेला, आणि पिण्यासाठीही नवाच.

बाकी जपणूक थोडक्यात. नुसती काळी माती कुंडीत घालू नये, ती उन्हात भेगाळते आणि पाणी दिले की दगडासारखी बसते. काळी माती, जाड वाळू आणि घरचे खत सारख्या भागांत घ्यावे. कचरा वेगवेगळा करायची सवय आपल्या शहराला लागलीच आहे, त्यातला ओला कचरा गाडीत न देता झाकणाच्या पिंपात कुजवला की झाले. कुंड्या विटांवर ठेवा, तापलेल्या स्लॅबने मुळे भाजतात. वरून हिरवी जाळी बांधा. मातीवर पाचोळ्याचा चार बोटे थर द्या. रसाच्या गाडीवाल्याकडे उसाची चिपाडे फुकट मिळतात, पण ती दोन दिवस कडक उन्हात वाळवूनच घाला, नाहीतर मुंग्यांची वारूळे होतील. आमच्याकडे झाली होती. पानाखाली बारीक जाळे दिसले तर लाल कोळी समजावा. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस मारला की कमी होतो. भेंडीची पाने पिवळ्या शिरांची झाली तर ते झाड उपटून टाका. तो रोग पांढरी माशी पसरवते, एकाची दया केली तर दहाही जातात.

वेलांना फुले येतात पण फळ धरत नाही, ही तक्रार सर्वांची असते. सुरुवातीला नरफुलेच येतात आणि उष्णता वाढली की त्यांचे प्रमाण आणखी वाढते, त्यामुळे धीर धरावा. मादीफुलाच्या मागे बोटाएवढे इवले फळ असते, नरफुलाला नुसता देठ. गच्चीवर माश्या कमी येतात, म्हणून नरफूल तोडून मादीफुलात हलकेच फिरवावे. पण वेळ पाहून. काकडी, कारले आणि गिलके सकाळी फुलतात, दुधी आणि दोडका संध्याकाळी. आम्ही पहिल्या वर्षी रोज सकाळी सातला दुधीच्या मिटलेल्या फुलांशी खटपट करत होतो. आता संध्याकाळच्या आरतीनंतर दिवा घेऊन जातो.

आता स्वयंपाकघर. घरच्या बागेची खरी अडचण अशी की भाजी एकदम पावशेर निघत नाही. आज पाच भेंड्या, उद्या सात. त्या साठवून ठेवल्या तर पहिल्या जून होतात, कारण भेंडी दिवसाआड तोडावीच लागते. सौ.ने यावर आपल्या सासूबाईंची युक्ती काढली, भेंडीची कढी. सहा भेंड्यांचे तुकडे तुपावर मोहरी-मेथी-हिंगाच्या फोडणीत परतायचे, चिकटपणा गेला की आंबट ताकात थोडे बेसन कालवून ओतायचे, आले-मिरची, चिमूट साखर. कढी चार माणसांना पुरते. मूठभर गवार खिचडीत जाते. थोडी जास्त निघाली तर ओवा आणि गूळ घालून भाजी, गवार वातुळ म्हणून ओवा विसरायचा नाही. दोन जुडीएवढा तांदुळजा निघाला तर लसणीवर नुसता परतून, त्याला दुसरे काही लागतच नाही.

ताज्या दोडक्याच्या शिरा फेकू नका. शिरा तासून थोड्या तेलावर मंद आचेवर कुरकुरीत करायच्या, त्यात तीळ, सुके खोबरे, लाल मिरची, मीठ घालून भरड कुटायचे. भाकरीबरोबर ही चटणी असली की दोडक्याची भाजी मागे राहते. बाजारच्या दोडक्याच्या शिरा वाळून चिवट झालेल्या असतात, त्यांची अशी होत नाही. दुधीच्या सालीचीही हीच रीत. गिलक्याच्या भज्यांसाठी गिलके वीतभरच असताना तोडावे, चकत्या जाडसर, पिठात ओवा. पुण्याचे पाहुणे त्याला घोसाळे म्हणतात आणि आमच्या ‘गिलक्या’ला हसतात, पण तिसऱ्या घाण्याला कोणी नावावरून वाद घालत नाही.

एक सावधगिरी मात्र घरोघरी पोचावी. तीन वर्षांपूर्वी मेमध्ये लग्नासाठी आम्ही दहा दिवस बाहेर होतो. पाणी घालायला सांगितलेला मुलगा कधी येई, कधी नाही. परत आलो तर वेलावर सुरेख दुधी. सकाळी रस प्यावा म्हणून आमच्यापैकी जो स्वतःला आरोग्याचा जाणकार समजतो त्याने तो मिक्सरमध्ये काढलाही. सौ.ने उरलेल्या तुकड्याची कड चाखली, थुंकली आणि पेला हातातून घेऊन मोरीत ओतला. “कडू आहे म्हणजे औषधी असेल,” असा युक्तिवाद आम्ही केला होता, हे कबूल करतो. दुधी, काकडी, गिलके, दोडका या सगळ्यांच्या कुळात क्युकरबिटासिन नावाचे विषारी द्रव्य असते. एरवी ते नगण्य, पण ताण पडलेल्या किंवा रानटी वाणाशी संकर झालेल्या वेलाच्या फळात ते वाढते आणि चव कडू होते. कडू दुधीचा रस पिऊन रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. त्यावर उतारा नाही, आणि शिजवूनही ते जात नाही. कारल्याचा कडूपणा हा त्याचा स्वभाव, त्याची गोष्ट निराळी. दुधी मात्र चिरण्यापूर्वी दोन्ही टोकांचा कण जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागला तर थुंकावा, चूळ भरावी आणि फळ टाकून द्यावे. रस घेतल्यावर मळमळ, उलटी झाली तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठावा. खताच्या पिंपात आपोआप उगवलेल्या दुधीचे वेलही आम्ही आता ठेवत नाही, त्याचे बी कुठले काय सांगावे.

बियाण्यासाठी प्रत्येक जातीचे एक फळ वेलावरच पिकू द्यावे, आधी त्याच वेलाचे दुसरे फळ चाखून गोड असल्याची खात्री करून. मृगाच्या पावसाआधी ते उतरवावे, नाहीतर भिजून आत बुरशी धरते. गिलके वाळले की हलवल्यावर बिया खुळखुळतात, टोक कापून उलटे केले की पडतात आणि उरलेली जाळी आंघोळीला घासणी म्हणून वर्षभर पुरते. बिया राखेत घोळवून काचेच्या बाटलीत, चिठ्ठीवर तारीख लिहून. आमच्याकडे यंदा गिलके, भेंडी आणि तांदुळज्याच्या बिया शिल्लक आहेत. मंडळाच्या पुढच्या मासिक सभेला पुड्या करून आणू. दुधीच्या मात्र नाहीत, त्या वर्षीपासून त्याचे बी आम्ही विकतचेच आणतो.