यंत्र मेलें, दप्तर वांचलें

गेल्या माघांत, द्राक्षांची काढणी तोंडावर आली असतां, आमचा लॅपटॉप एके सकाळीं चालूच होईना. फवारणीच्या नोंदी, तीन वर्षांचा मजुरीचा हिशेब व मातीपरीक्षणाचे अहवाल त्यांतच होते. सातबाऱ्याचा उतारा सरकारी संकेतस्थळावरून पुन्हां मिळेल. परंतु आपल्या हातची फवारणीची नोंद गेली, तर ती कोणतें सरकार देणार? आणि ती दाखविल्यावांचून निर्यातीचा माल पुढें सरकत नाहीं. त्या प्रसंगीं आम्ही जें शिकलों, तें वाचकांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें देत आहों.

प्रथम हें ध्यानांत धरावें कीं, लॅपटॉप निराळा व त्यांतील माहिती सांठविणारी डिस्क निराळी. पंप जळाला म्हणून विहीर आटत नाहीं. तेव्हां न घाबरतां आधीं चार्जर बदलून पाहावा. नंतर चार्जर काढून चालू करण्याची कळ सुमारें ३० सेकंद दाबून धरावी व पुन्हां जोडून पाहावें. दिवा लागतो पण पडदा काळाच राहतो, असें असल्यास केबलीनें घरच्या टीव्हीस जोडावें. कित्येकदां केवळ पडदाच बिघडलेला असतो.

आमच्या यंत्रास यांपैकीं कशाचाच गुण आला नाहीं. दुरुस्तीवाल्यानें मदरबोर्ड जळाल्याचें सांगितलें व ‘बोर्ड बदलून विंडोज नव्यानें भरून देतों’ म्हणाला. आम्ही होकार देणार, इतक्यांत आमच्या पुतण्यानें अडविलें. विंडोज नव्यानें भरतांना जुन्या माहितीवर नवी लिहिली जाते, आणि जिच्यावर लिहिलें गेलें ती माहिती मग परत येत नाहीं. त्यानें अडीच इंची डिस्क काढून घेतली, कांहीं शें रुपयांच्या यूएसबी खोक्यांत बसवून दुसऱ्या संगणकास जोडली, आणि सारें दप्तर जसेंच्या तसें दिसूं लागलें!

तथापि तीन गोष्टी संभाळाव्या. एक, फिरत्या तबकड्यांच्या डिस्कमधून टकटक आवाज येत असल्यास ती तत्काळ बंद करावी. पुनः पुन्हां चालू केल्यास तबकडी खरवडली जाण्याचें भय असतें. ती घरीं न उघडतां माहिती काढणाऱ्या तज्ज्ञाकडे द्यावी. दुसरी, विंडोजची डिस्क बिटलॉकरनें कुलूपबंद असेल, तर ४८ अंकी किल्लीवांचून ती दुसऱ्या संगणकावर उघडत नाहीं. किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत असते. ती आजच कागदावर उतरून ठेवावी. तिसरी, कित्येक नव्या यंत्रांत सांठवणीची चिप बोर्डासच डाख देऊन बसविलेली असते. तेथें बहुधा बोर्ड दुरुस्त करण्यावांचून गत्यंतर नसतें.

शहाणा शेतकरी सगळें बियाणें एकाच कणगींत ठेवीत नाहीं. दप्तराच्याही तीन प्रती असाव्या. त्या दोन तऱ्हेच्या साधनांवर असाव्या, व एक तरी घराबाहेर असावी. आम्ही आतां दर अमावास्येस एक प्रत बाहेरच्या डिस्कवर व एक ऑनलाइन सांठवणींत ठेवितों, आणि त्यांतील दोन-चार फाइली उघडूनही पाहतों. जी प्रत कधीं उघडून पाहिली नाहीं, ती उगवण न तपासलेल्या बियाण्यासारखी समजावी.