निद्रा आणि जाग

बंगळुरू शहरातील दिवसभराची धावपळ रात्री उशिरा ओसरते. घराघरांतील दिवे मालवले जातात. पण उशाजवळचा स्मार्टफोन बहुधा जागाच असतो. काही जण मात्र झोपण्यापूर्वी तो पूर्णपणे बंद करतात. सकाळी तो पुन्हा सुरू होण्यास साधारणपणे अर्धा ते एक मिनिट लागतो. विजेचा दिवा कळ दाबताच लागतो. मग फोनलाच एवढा वेळ का लागावा?

स्मार्टफोन हा मुळात एक लहानसा संगणक आहे. त्यात दोन प्रकारची स्मृती असते. एका स्मृतीत छायाचित्रे, संदेश आणि फोन चालवणारी कार्यप्रणाली साठवलेली असते. वीज नसली तरी ती पुसली जात नाही. दुसरी स्मृती तात्पुरती असते. चालू कामाची सारी मांडामांड तिच्यात असते आणि वीजपुरवठा थांबताच ती कोरी होते. म्हणूनच बंद केलेल्या फोनला सुरुवात पहिल्यापासून करावी लागते.

कळ दाबल्यावर सर्वप्रथम चिपमध्येच कायमची कोरलेली एक छोटी आज्ञावली जागी होते. ती आपल्याहून मोठ्या आज्ञावलीची सत्यता पडताळते आणि पुढील काम तिच्याकडे सोपवते. मग कार्यप्रणालीचा गाभा तात्पुरत्या स्मृतीत येतो. पडदा, ध्वनी, कॅमेरा यांची व्यवस्था सुरू होते. सिमकार्डाच्या साहाय्याने फोन जवळच्या मनोऱ्याशी संपर्क साधतो. शेवटी धारकाने सांकेतिक क्रमांक टाकल्यावर त्याची खाजगी माहिती खुली होते.

केवळ पडदा मालवला, तर फोन बंद होत नाही. तो निद्रावस्थेत जातो. तात्पुरत्या स्मृतीला थोडी वीज मिळत राहते आणि संदेश ग्रहण करणारा भाग सावध असतो. त्यामुळे फोन क्षणार्धात जागा होतो. पूर्ण बंद फोनची बॅटरी वाचते, झोपही मोडत नाही; परंतु मध्यरात्री आप्तांनी संकटात मारलेली हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

बंद करणे आणि निजवणे यांतील हा फरक २०२३ साली बंगळुरूतील शास्त्रज्ञांच्या दृष्टीने फार मोलाचा ठरला. २३ ऑगस्ट रोजी चांद्रयान-३ मोहिमेतील 'विक्रम' हे अवतरक यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. इस्रोच्या बंगळुरू येथील 'इस्ट्रॅक' केंद्रातून त्याचे नियंत्रण होत होते. विक्रम आणि 'प्रज्ञान' ही बग्गी सौरऊर्जेवर चालत होती. चंद्रावरची रात्र पृथ्वीवरील सुमारे १४ दिवसांएवढी असते आणि त्या काळात तापमान उणे १२० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते.

चंद्रावर जाऊन कळ दाबणारे कोणी नव्हते. म्हणून २ सप्टेंबरला प्रज्ञानला आणि ४ सप्टेंबरला विक्रमला निद्रावस्थेत नेण्यात आले. वैज्ञानिक उपकरणे बंद केली गेली. परंतु पृथ्वीची हाक ऐकणारे संदेशग्राहक चालू ठेवण्यात आले. प्रज्ञानची बॅटरी पूर्ण भरलेली होती आणि उगवत्या सूर्याचा प्रकाश मिळेल अशा दिशेने त्याचे सौरफलक ठेवले होते. २२ सप्टेंबर रोजी बंगळुरूहून हाक देण्यात आली. उत्तर आले नाही. पुढील प्रयत्नांनाही यश लाभले नाही.

तरीही ही मोहीम अपयशी ठरली नाही. दोन्ही यानांची रचना एकाच चांद्रदिवसासाठी केलेली होती आणि त्यांनी नेमून दिलेली कामे रात्र होण्यापूर्वीच पूर्ण केली होती. जाग येण्याची खात्री नव्हती. म्हणूनच महत्त्वाचे काम दुसऱ्या दिवसावर सोडले नव्हते.

उशाजवळच्या फोनला मात्र सकाळी जागे करणारा हात असतो. त्याच्या पडद्यावर चिन्ह झळकत असताना जो मिनिटभराचा वेळ जातो, तो वाया जात नाही. रात्री पुसली गेलेली सारी मांडणी तेवढ्या वेळात तो पुन्हा उभी करत असतो.