ताण तोडण्याची वेळ

अंबड, बदनापूर, घनसावंगी या जालना जिल्ह्यातील तालुक्यांच्या मोसंबी-बागाईतदाराला ताण हा शब्द वैद्यकाने शिकवावा लागत नाही. आंबे बहार धरण्यासाठी पावसाळा सरल्यावर तो बागेचे पाणी बंद करतो, पाने मलूल होऊन गळू लागेपर्यंत झाड तहानलेले ठेवतो, आणि जानेवारीच्या सुमारास पाणी देऊन ताण तोडतो, तेव्हा कोठे फांद्यांवर फूल धरते. भारी रानात ताणाचे दिवस अधिक, हलक्या रानात थोडे, हा हिशेब त्याला मुखोद्गत असतो. वेळेवर न तुटलेल्या ताणाने झाडाचे शेंडे वाळतात, हेही त्याने पाहिलेले असते.

माणसाच्या देहालाही असाच ताण पडतो. निरनिराळ्या आघातांना देह ठराविक रीतीनेच उत्तर देतो, असे हान्स सेल्ये यांनी 1936 साली माँट्रियल येथून मांडले. या उत्तरात मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी मेंदूच्या हुकमाने कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडतात. पहाटे ते चढू लागते, जागे झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठते, आणि मध्यरात्रीच्या सुमारास अगदी खाली येते. हा रात्रीचा उतार म्हणजेच देहाचा ताण तुटणे होय.

वार्धक्यात बिघडतो तो मुख्यतः हा उतार. ‘आता पुरे’ हा निरोप ऐकणारी मेंदूतील केंद्रे मंदावतात, गाढ निद्रा विरळ होते, आणि रात्रीचे कॉर्टिसॉल तारुण्यात उतरत असे तितके उतरत नाही. उलट त्याच अधिवृक्क ग्रंथींतून येणारे डीएचईए हे संप्रेरक सत्तरी-ऐंशीत तारुण्यातील प्रमाणाच्या एक-दशांश ते एक-पंचमांशच उरते. असा असमतोल दीर्घकाळ राहिला, तर स्नायू व हाडे झिजण्यास आणि रक्तातील साखर वाढण्यास हातभार लागतो.

सकाळच्या उन्हात चालावे, जेवणाच्या व निजण्याच्या वेळा पाळाव्यात, दुपारनंतर चहा आणि तंबाखूची मिश्री टाळावी, हा सल्ला योग्यच आहे. परंतु शेतीच्या विजेची पाळी रात्रीची आल्यामुळे सत्तरीतही बॅटरी घेऊन दारे धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला, किंवा मुलगा-सून ऊसतोडीस रवाना झाल्यावर नातवंडांना कुशीत घेऊन फोनची वाट पाहणाऱ्या आजीला, नुसते ‘काळजी करू नका’ म्हणणे मला निर्दयपणाचे वाटते. 2012 च्या दुष्काळात पोटच्या पोरांसारख्या वाढवलेल्या बागा डोळ्यांदेखत जळताना ज्यांनी पाहिल्या, त्यांतील कित्येक आज याच वयात आहेत. दिवसा वीज द्यावी, ही त्यांची मागणी पिकाच्या सदरात नोंदली जाते; ती आरोग्यखात्याच्या दप्तरीही दाखल व्हावयास हवी.