पावसाळ्याआधी गाडीचे टायर



राजगुरुनगरहून वाड्यामार्गे भोरगिरीकडच्या ठाकर आणि महादेव कोळी वस्त्यांवर आमची जुनी पिकअप धान्य, औषधे पोचवते. गेल्या जुलैमध्ये परतताना ती एका ओल्या चढावर मागे घसरली. गाडीत दिवस भरलेली एक भगिनी होती. देवकृपेने गाडी बांधाला टेकून थांबली. टायरवर नक्षी तर शिल्लक होती; मग घसरली कशी?

उत्तर टायरच्या बाजूवरच होते. तिथल्या लंबगोलातले चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. आमच्या टायरवर ‘१११५’ होते, म्हणजे २०१५ चा अकरावा आठवडा! वर्षानुवर्षे ऊन खाऊन रबर कडक होते आणि ओला रस्ता धरत नाही.

यंदा मे महिन्यातच शोध सुरू केला. चाकणला टायरचा कारखाना आहे, पण आमच्या जुन्या गाडीचे माप लवकर मिळेना. भोसरीत स्वस्त रिमोल्ड मिळत होते. त्यांची नक्षी नवी, पण आतला सांगाडा जुनाच. वजन घेऊन घाट चढायचा म्हणून नको म्हटले. अखेर मोशीत नवे मिळाले. आमच्या गाडीत इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर येतो, म्हणून मागे खोल खाचांचे टायर घेतले. त्या खाचांतून चिखल-पाणी बाहेर पडते.

आपल्याही गाडीचे आकडे वाचा. खाचेतल्या १.६ मिमी उंचवट्यापर्यंत झीज झाली, की टायर बदलाच.

हे टायर आपल्या दानातून आले. ती भगिनी सुखरूप बाळंत झाली. परवा बाळाला लसीसाठी याच गाडीने नेले.